टेकवलेला चेंडू

यंदा भात उशिरा कापणीला आलं. पाऊस जायचं नावच घेत नव्हता. दारोदार आकाशकंदील लागले तरी दुपार कलली की एक सर यायचीच, आणि आडवं झालेलं भात आणखी आडवं करून जायची. ‘पाऊस जाता काय नाय गो?’ असं गाडीत चढणारी प्रत्येक बाई मलाच विचारायची, जसं काही पावसाचं परतीचं तिकीट मीच अडवून धरलंय. मी लाल गाडीवर कंडक्टर आहे. मालवणहून कट्टा, कट्ट्याहून आतली गावं, आणि तशीच परत. दिवसभर दारात उभ्या राहणाऱ्यांना आत सरकवायचं, म्हाताऱ्यांच्या पिशव्या वर घ्यायच्या आणि घंटी मारायची. एवढ्या गडबडीतही माणसाला ऋतू कळतोच. एका सकाळी गाडी कट्ट्याच्या अलीकडच्या चढणीला लागली आणि उघड्या खिडक्यांतून पिकल्या भाताचा वास आत आला, थोडा गोडसर, थोडा ओल्या गोणपाटाचा.

मला काही वाटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण असा वास आला की लिहिणाऱ्या माणसांचं ऊर भरून येतं असं मी वाचलेलं आहे. माझं काही भरून आलं नाही. आई श्रावणात गेली, तेव्हापासून हे असंच आहे. दुःख झालं म्हणावं तर तेही नीट झालेलं नाही. पाय अवघडून मुंग्या येतात, मग मुंग्याही थांबतात आणि पाय आपला नाहीसाच होतो, तसं काहीतरी. भेटायला आलेल्या बायका माझ्याकडे बघत, एकमेकींकडे बघत आणि चहा पिऊन जात. ‘चेडू कामार गेला पण दुसऱ्या हप्त्याक,’ असं एकीनं पायरी उतरताना म्हटलेलं मी ऐकलं. चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. मग काय घरात बसून भिंती मोजू?

गाडी चढण चढली की उजव्या हाताला आमचा मळा दिसतो आणि त्याला लागून शाळेचं मैदान. मैदान म्हणजे काय, तीन बाजूंना भात आणि चौथ्या बाजूला शाळेची कौलं. त्या सकाळी मैदानावर मुली होत्या. त्यांतली एक बॅट घेऊन वाकली होती, बॅट आडवी धरून. मी घंटी मारायची विसरले. ड्रायव्हर ओरडला, ‘काय गो, उतरतंस काय?’

ती मुलगी बंट करत होती.

आमच्या शाळेत बेसबॉल कसा आला याची मोठी गंमत आहे. पी.टी.चे सर घाटावरचे. कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि येताना एक बॅट, दोन चेंडू आणि चार हातमोजे घेऊन आले. कबड्डी, खो-खो सगळ्या शाळा खेळतात, म्हणाले, तिथे आपला नंबर कधी लागायचा? हा खेळ जिल्ह्यात मोजक्या मुली खेळतात. हिशेब बरोबर होता. गावाला मात्र तो पचायला फार दिवस लागले. ‘ह्या उलटां क्रिकेट कोणी काढल्यान?’ असं विचारत माणसं बांधावर बसून बघायची. आमच्याकडे बांधाला मेर म्हणतात. मेरेवरून फुकट सल्ले यायचे. तळ म्हणून सरांनी गोणपाटात भुसा भरून चार पोती शिवून घेतली होती, आणि एकदा सराव चालू असताना शेजारच्यांची म्हैस येऊन दुसरा तळ खायला लागली. धावणारी मुलगी दोन तळांमध्ये उभी. आता पोचायचं कुठे? सर म्हणाले, ‘म्हशीला हात लाव, तोच तळ.’

मी मारणारी होते. हे सांगताना मला लाज वाटत नाही, कारण ते खरं आहे. लाकडं फोडणारे हात होते माझे. चेंडू बॅटीच्या पोटावर बसला की तो सरळ भाताच्या वरून जायचा आणि पलीकडच्या काजूंत पडायचा. शोधायला सगळा वर्ग. तो आवाज आला की मेरेवरचे सल्लेही थांबायचे. आणि तो आवाज हातांतून वर खांद्यापर्यंत जो जायचा, तो मला भारी आवडायचा. असं दुसरं काही मला तेव्हा आवडत नव्हतं, आणि नंतरही फारसं काही आवडलेलं नाही.

आणि सर मला शिकवत काय होते? टेकवायला. खेळातलं नाव बंट. सर बंट म्हणायचे, आम्ही मुली टेकवणं म्हणायचो.

क्रिकेट बघणाऱ्या माणसाला हे पटायला जड जातं. क्रिकेटात चेंडू नुसता अडवला तरी फलंदाज आपल्या जागी सुखरूप. बेसबॉलमध्ये ती मुभा नाही. चेंडू बॅटीला लागून आत पडला की पळावंच लागतं. म्हणजे जो मुद्दाम हळू टेकवतो तो बहुतेक वेळा स्वतः बाद होतो. मग टेकवायचं कशाला? तर पुढच्या तळावर आपली जी मुलगी उभी आहे, तिला एक घर पुढे सरकता यावं म्हणून. तिन्ही तळ फिरून ती बॅटीच्या जागी परत पोचली की एक धाव. चेंडू नाकासमोर, गवतात, कुणाच्याच हाताशी नाही असा पडतो. तो उचलायला दोघी-तिघी धावतात, एकमेकींवर आपटतात, तेवढ्यात आपली मुलगी पळते. दहा धावांनी पुढे असलेला संघ कधी टेकवत नाही. दहा धावांनी मागे असलेलाही नाही. सामना अगदी दोरीवर आला, एका धावेवर सगळं अडलं, की मगच सर कोणाकडे तरी बघायचे आणि ती मुलगी ओळखायची की आज आपला नंबर.

‘हात मेलेले ठेव,’ सर म्हणायचे. ‘बॅट घट्ट आवळलीस तर चेंडू उडणार आणि तिच्याच हातात जाणार. सैल धर. चेंडू येऊन बॅटीवर निजला पाहिजे.’ आणि मी आवळायचे. मला येत नव्हतं असं नाही, मला नको होतं. ज्या दिवशी मला ते जमलं त्या दिवशी सरांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. चेंडू माझ्या पुढ्यात पडून राहिला होता, पायानं ढकलला असता तरी चालला असता. मेरेवरून एक म्हातारा म्हणाला, ‘अगो, जेवलंस नाय काय सकाळी?’

रेहाना माझ्या वर्गात. तिच्या वडिलांचं कट्ट्याच्या बाजारात सुक्या मासळीचं दुकान, आणि घर दुकानाच्याच मागे. उन्हाळ्यात वर्गात ती माझ्या शेजारी बसली की तिच्या दप्तराला सुक्या बांगड्याचा वास यायचा आणि ती मान ताठ करून बसायची, म्हणजे कुणाची काही बोलायची हिंमत होऊ नये. झालीही नाही कधी. पळण्यात तिला कोणी धरू शकत नव्हतं. गणितात मात्र अगदीच रडकथा. सहामाहीत नापास, चाचणीत नापास. वडील वाईट नव्हते, पण त्यांनी सरळ सांगितलं होतं, दहावीला नापास झालीस तर पुन्हा बसायचं नाही, घरातलं बघायचं. आणि जिल्ह्यातून पुढच्या फेरीला गेलेल्या मुलींना दहावीला खेळाचे जादा गुण मिळायचे. तेवढ्यावर गणित तरून जाईल, असं सरांनीच तिला समजावलं होतं.

कापणीच्या दिवसांत रविवारी ती आमच्याकडे यायची. आईला मदत म्हणून, खरं तर पेज आणि खोबऱ्याची चटणी खायला. आमचं गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं, भात मैदानाच्या कडेलाच. ते पिकायला लागलं की कीर म्हणजे पोपट थव्यानं उतरतात, लोंबी मोडून नेतात, अर्धी खातात, अर्धी टाकतात. त्यांना हाकवायला मेरेवर माणूस बसवावा लागतो. हातात एक डबडं आणि काठी. आमचं डबडं तेलाचं, एका बाजूनं चेपलेलं. त्याचा आवाज बद्द यायचा. आई ते वाजवता वाजवता कीरांना अशा शिव्या द्यायची की रेहाना हसून लोळायची. मग काठी आईच्या हातातून घ्यायची आणि स्वतः वाजवायची, शिव्यांसकट. आई म्हणायची, ‘ह्या चेडवाक सगळां येता. तुका कायएक येयत नाय.’

घाटावरच्या सरांना हे पाखरं हाकवणं फार आवडलं. चोहोबाजूंनी डबे वाजताहेत, कोणीतरी हूऽ हूऽ करतंय, आणि त्याकडे कोणी वळूनही बघत नाही. त्यांच्या डोक्यात एक युक्ती आली. तिसऱ्या तळावर आपली मुलगी आहे, एक धाव हवी आहे, तर फलंदाजाला आणि धावणारीला एकाच वेळी इशारा द्यायचा: ही टेकवणार, तू चेंडू सुटताच पळ. हातवारे केले तर समोरच्यांना कळतं. मग सरांनी आमच्या बाकाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला. त्यावर एक ठोका पडला की समजायचं. बाहेरून आलेल्या संघाला वाटणार, कोणी पाखरं हाकतोय. आपल्याच मैदानावर चालेल अशी चाल होती. सरांच्या डब्याचा आवाज किणकिणीत, आणि तो यायचा पहिल्या तळाच्या बाजूच्या बाकावरून. आईच्या डबड्याचा बद्द, आणि तो तिसऱ्या तळाच्या मागून. आम्हाला तो फरक झोपेतही कळला असता.

जिल्ह्याचा शेवटचा सामना त्या वर्षी आमच्या मैदानावर झाला. तिसऱ्या तळाच्या बाजूचं आमचं भात अजून उभं होतं, बाकीचं कापून गेलं होतं. खुंट पायाला टोचत होते. उन्हं अशी की हातमोज्यात घाम साचायचा. आणि त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या टाकल्या होत्या, कारण निवड करायला दोन माणसं आली होती. दोन्ही संघांतून ज्या मुली त्यांना पसंत पडतील, त्यांना शिबिराला नेणार, आणि तिथून क्रीडा वसतिगृहात. राहणं, जेवणं, शाळा, खेळ, सगळं तिथेच. सर मला आदल्या दिवशी म्हणाले होते, ‘एक चेंडू काजूंत घाल. एकच. बाकी मी बोलतो.’

मला ते किती हवं होतं हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आईला तर नाहीच. बाबा मी लहान असतानाच गेले. आई, मी आणि दोन मळे. मी गेले असते तर तिचं कसं झालं असतं, हा विचार मी केलाच नाही. मला फक्त जायचं होतं. मी रात्री अंथरुणात बॅट धरल्यासारखी मूठ आवळून झोपायचे.

सामन्यात मला मनासारखा चेंडू मिळेना. त्यांची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, हुशार होती, मला सगळे चेंडू बॅटीपासून लांब टाकायची. शेवटच्या डावात दोन्हीकडच्या धावा सारख्या, शेवटची पाळी आमची. तिघी बाद झाल्या की पाळी संपते, आमची एकच मुलगी बाद झालेली. रेहाना तिसऱ्या तळावर. आणि बॅटीवर मी.

मी सरांकडे बघितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. म्हणजे मार. बाकाखालच्या डब्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला जो आनंद झाला तो मला अजून आठवतो. व्हरांड्यातल्या दोघांपैकी एक जण पुढे वाकून बसला होता.

पहिला चेंडू मी चुकवला. बॅट हवेतून गेली, मी अर्धी फिरले. असं होतं. दुसरा चेंडू आता छातीपेक्षा खाली येणार, हे मला तिच्या खांद्यावरून कळलं. खात्रीनं कळलं.

आणि तेवढ्यात डबा वाजला. बद्द.

आईनं कीर हाकलले होते. मला कळलंही की आईचं आहे, आणि मी ते सोडूनही दिलं. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं की रेहाना निघाली. चेंडू पिचरच्या हातातून सुटला आणि ही सरळ माझ्या दिशेनं, मान खाली घालून, जीव खाऊन. आता दोनच गोष्टी होत्या. मी पूर्ण ताकदीनं फिरवलं आणि चुकलं, तर चेंडू माझ्या मागे बसलेल्या कॅचरच्या हातात, रेहाना तिच्या समोर, धाव हातची गेली. मी फिरवलं आणि लागलं, तर चेंडू एक तर काजूंत नाही तर तिच्या तोंडावर. मी विचार केला असं म्हणणं खोटं होईल. तेवढा वेळ नसतो. हात वर सरकला, बॅट आडवी झाली, बोटं सैल सुटली. चेंडू आला आणि बॅटीवर निजला.

मी पळाले. पळायचं असतं म्हणून पळाले. चेंडू कोणी उचलला, कुठे फेकला, मला माहीत नाही. पहिल्या तळावर पाय ठेवला आणि वळून बघितलं तर सगळ्या जणी दुसऱ्या टोकाला होत्या. रेहाना खाली पडलेली, तिच्यावर आमच्या मुलींचा ढीग, मेरेवरची माणसं मैदानात, सर हात वर करून नाचताहेत. माझ्या बाजूला कोणी नव्हतं. त्यांची पहिल्या तळावरची मुलगी हातमोजा काढून डोळे पुसत होती. आम्ही दोघी तशाच थोडा वेळ उभ्या राहिलो. मला वाटलं आता मला रडू येईल किंवा हसू येईल. काहीच आलं नाही. हे जे आता आहे ना, आई गेल्यापासूनचं, ते मला अगदीच अनोळखी नाही. त्या तळावर मी एकदा त्यात उभी राहून आले आहे.

व्हरांड्यातल्या माणसांनी समोरच्या संघातल्या दोघींची नावं घेतली. त्या पिचरचं एक. सरांनी माझ्यासाठी शब्द टाकला असणारच. पण त्या दोघांनी मला एकदा हवेत फिरवताना पाहिलं आणि एकदा टेकवताना. ते तरी काय लिहून नेणार? आणि सगळा गाव सरांना डोक्यावर घेत होता. काय वेळेवर डबा वाजवला म्हणून! सर आधी गोंधळले, मग हसले, मग दोन दिवसांनी स्वतःच सांगायला लागले की आयत्या वेळी त्यांनी बेत बदलला. त्यांचाही पुढे त्यावर विश्वास बसला असावा. निवृत्त झाले तेव्हा भाषणात त्यांनी तीच गोष्ट सांगितली. मी पहिल्या रांगेत बसून ऐकली आणि टाळ्या वाजवल्या.

त्या संध्याकाळी घरी गेले तर आई मळ्यातून येऊन पाय धूत होती. ‘जिंकलात मां?’ म्हणाली. मी हो म्हटलं. ‘मगे तोंड कित्याक पाडलंस?’ मी म्हटलं, दमले. तिनं पेज वाढली. तिच्या एका ठोक्यानं काय केलं हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगून काय करायचं? तिनं कीर हाकले, तिचं बरोबरच होतं. आणि रेहानाला वाटलं सरांचा डबा. एवढ्या गोंगाटात आवाजाची दिशा कळत नाही माणसाला, असं मी स्वतःला सांगितलं. तिलाही मी कधी विचारलं नाही. ती पास झाली. पेढे घेऊन आली, माझ्या आईच्या पाया पडली. मग नर्सिंग केलं, गोव्यात नोकरी लागली, तिथलाच नवरा, दोन मुलं. मी इथे राहिले, मग गाडीवर लागले. मी कधी तक्रार केली नाही. माझ्याजवळ एक गोष्ट होती, ती मी कुणाला दाखवत नव्हते, पण होती. मी मारणार होते. मी ठरवून मारलं नाही. ते मी दिलं. गाडीत उभ्या उभ्या पाय सुजले, कुणी उगाच अंगावर आलं, की मी ती गोष्ट मनातल्या मनात चाचपून बघायचे. खिशातली किल्ली आहे ना बघतात, तशी.

यंदा कापणीला मी रजा घेतली, कारण मेरेवर बसायला दुसरं कोण आहे? काकाचा मुलगा कापणारी माणसं घेऊन येणार होता. तोवर पाखरं मीच हाकत होते. शेजारी मैदानावर मुलींचा सराव. आता त्यांचे तळ रबराचे आहेत. दुपारी मेरेवरून कोणीतरी येताना दिसलं, चपला हातात घेऊन, दुपट्टा सावरत. रेहाना. आई गेली तेव्हा तिला येता आलं नव्हतं, फोन केला होता. ती आली आणि माझ्या शेजारी बसली. दोघींचेही गुडघे बसताना वाजले.

‘जेवलंस?’ तिनं विचारलं.

‘होय.’

‘खरां सांग.’

‘पेज खाल्लंय गो.’

मग तिनं आईबद्दल विचारलं. कशी गेली, काय झालं होतं, शेवटी बोलत होती का. मी सगळं सांगितलं, गाडीत थांबे सांगते तसं. ती रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिचंच सांत्वन मी करावं हे मला विचित्रही वाटलं नाही. मैदानावर त्या बारक्या मुलीनं पुन्हा बॅट आडवी धरली. चेंडू गवतात पडला. तिची मैत्रीण तिसऱ्या तळावरून सुटली आणि पोचली. रेहाना नाक पुसत बघत होती.

‘शैले,’ ती म्हणाली, ‘एक सांगूचा आसा. तुझी आवस आसताना माझ्यान सांगवला नाय.’

‘काय?’

‘त्या दिवशी जा वाजलां, तां आवशीचा डबडां होतां. माका म्हायत होतां.’

मला कळेना ती काय बोलतेय. ‘कधी कळला तुका?’

‘तेव्हाच. वाजला तेव्हाच. माका काय तेचो आवाज कळणा नाय? दर आयतवारी मियाच वाजवी. तां माझ्या पाठीमागे वाजलां गो, चार हातांवर.’

‘मगे धावलंस कित्याक?’

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मैदानाकडे बघून बोलत होती. ‘तू पयलो चेंडू चुकवलंस तां मी बघलंय. तुझा लक्ष खुर्चयेवरल्या त्या दोघांकडे होतां. म्हटलंय, ही आज मारणा नाय. ही चुकतली, मगे पुढची चुकतली, आणि मी हंयच उभी रवतलंय. माका पास होवचा होतां. डबडां वाजलां, आणि म्हटलंय, धावया. मी धावलंय तर तू टेकवतलंस, ह्या माका पक्कां म्हायत होतां. आणि जर का बाद झालंय असतंय, तर सांगूक होतांच मां, माका वाटला सरांनी वाजवल्यानी.’

कीर उतरले होते. मी काठी हातात धरून नुसती बसले होते.

‘माझो विचार केलंस नाय?’

‘केलंय,’ ती म्हणाली. ‘करूनच धावलंय.’

ते दिलेलं नव्हतंच. ते तिनं घेतलं होतं. माझ्याकडून घेता येईल हे तिला ठाऊक होतं, माझे हात सैल सुटतील हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं मी तिला न सांगून तिच्यावर उपकार करत होते! आणि वर काय, तर मी चुकणारच होते म्हणे! तो दुसरा चेंडू छातीखाली येत होता. मला खांद्यावरून कळला होता. तो काजूंत गेला असता, काजूंच्याही पलीकडे गेला असता, आणि ही बया तळावर उभं राहून ठरवते की शैला चुकणार! मला राग आला. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि ते कानापर्यंत गरम होत आलं.

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. खांद्यामागून हात आणून. ती पुढे दोन्ही हातांवर आली, आणि मैदानावरच्या मुली थांबून आमच्याकडे बघायला लागल्या.

‘मेल्ये! लागलां मां!’

‘लागूकच व्हयां.’

ती उठून बसली. हाताची माती झटकली. माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली, नर्सबाई बघतात तसं. मग तिनं दुपट्टा बाजूला काढून मांडीवर ठेवला, माझ्याकडे पाठ केली आणि मान खाली घातली.

‘घाल,’ म्हणाली.

मी घातला, पहिल्यापेक्षा जोरात.